रोवण्याची कंबर आणि ऊन पाणी

चंद्रपूर शहर कसं वसलं, याची गोष्ट आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. खांडक्या बल्लाळशहा हा गोंड राजा पंधराव्या शतकातला. राजधानी तेव्हा वर्धा नदीच्या काठी बल्लारपूरला होती. राजाच्या अंगभर गाठी-फोडं, औषध करून करून वैद्य थकलेले. एक दिवस शिकारीला गेला, तहान लागली म्हणून झरपटीच्या कोरड्या पात्रातून घोडा वर नेला. एका खळग्यात पाणी झिरपत होतं. ते प्याला, हातपाय-तोंड धुतलं आणि परत आला. त्या रात्री राजाला आयुष्यात पहिल्यांदा गाढ झोप लागली. सकाळी राणीनं पाहिलं तर जिथं जिथं पाणी लागलं तिथल्या गाठी गेलेल्या. मग दोघं परत गेले, रेती उपसली, तर खडकात गाईच्या पायाचे पाच ठसे पाण्यानं भरलेले. राजानं तिथं अंग धुतलं आणि बरा झाला. तिथंच अचलेश्वराचं देऊळ उभं राहिलं, पुढे परकोट झाला, शहर झालं. मेजर लूसी स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1869 च्या बंदोबस्ताच्या अहवालात ही दंतकथा लिहून ठेवली, म्हणून ती कागदावरही राहिली.

लोक या गोष्टीतला चमत्कार सांगतात. मला मात्र त्यातली झोप महत्त्वाची वाटते. ज्याचं अंग वर्षानुवर्षं दुखते त्याला विचारा, तो सोनं मागणार नाही, एक रातची झोप मागेल. आमच्या झाडीपट्टीतल्या बायकांना आषाढ-श्रावणात ती मिळत नाही.

रोवणा काय असतो हे शहरातल्या वाचकाला सांगावं लागेल. पऱ्हे उपटायचे, पेंढ्या बांधायच्या, चिखलणी झालेल्या बांदीत रांगेनं उभं राहायचं आणि कंबरेत वाकून एकेक रोप चिखलात खोवत मागं मागं सरकत जायचं. सकाळी वाकलेली बाई दुपारच्या शिदोरीलाच सरळ होते. वरून पाऊस, खाली टोंगळ्याइतका चिखल. पायांच्या बोटांत चिखल्या होतात त्या वेगळ्याच. हे पंधरा-वीस दिवस, कधी महिनाभर. आणि असे पावसाळे चाळीस-पन्नास. माझी आजी शेवटी शेवटी चालतानाही रोवण्यातच असल्यासारखी दिसायची.

पाठीचं दुखणं गरीब-श्रीमंत पाहत नाही हेही खरं. वरोऱ्याचे बाबा आमटे घ्या. पाठीच्या कण्यानं त्यांना बसू दिलं नाही. एक तर उभं राहायचं, नाहीतर आडवं पडायचं. 1985 मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरला भारत जोडो यात्रा काढली, तीही गाडीत आडवं पडून. इकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 1986 मध्ये सर्च संस्था काढली. तिथंही पुढे मणक्याचे डॉक्टर मुंबईहून येऊन तपासू लागले. म्हणजे कंबरदुखी हा आजार आहे, बाईचं रडगाणं नाही, हे आमच्या जिल्ह्यात मानलं जायला इतकी वर्षं लागली.

त्याआधी औषध काय होतं? ऊन पाणी. निरगुडीचा पाला टाकून उकळलेलं, आणि वरून टोळीच्या तेलाची मालीश. टोळी म्हणजे मोहाची बी. आजी संध्याकाळी बांदीतून आली की पहिला शब्द हाच, ‘पानी तापवलंस का व? टोंगळे लय दुखतेत.’ आमच्या घरी गुऱ्हाळाची एक जुनी कढई होती. झाडीत कोहळी लोकांनी तलाव बांधले, त्या पाण्यावर ऊस पिकवला, गूळ काढला. नंतर ऊस गेला आणि कढया राहिल्या. बुडाला चीर गेलेली ती कढई बाबानं ठिगळ मारून न्हाणीत आणून ठेवली होती. आजी त्यात पाय पसरून बसायची आणि माय गुंडीनं कंबरेवर पाणी सोडायची. मी तेव्हा चौथीत असेन. आजीचं ते डोळे मिटणं अजून आठवते.

ऊन पाण्याचा मान महाराष्ट्रात गावांच्या नावांतच आहे. जळगावकडचं उनपदेव, कोकणातली उन्हवरे आणि उन्हेरे, आणि आमच्यापासून त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे किनवटच्या बाजूचं पैनगंगेकाठचं उनकेश्वर. शरभंग ऋषीच्या अंगावर रोग फुटला, रामानं बाण मारून जमिनीतून गरम झरा काढला, अशी तिथली कथा. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं तर मुंबईच्या माणसाला माहीतच आहेत. या पाण्याखाली ज्वालामुखी पेटलेला नाही. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल जाते, एक किलोमीटर खाली गेलं की साधारण पंचवीस-तीस अंश उष्णता वाढते, आणि तेच पाणी दुसऱ्या भेगेनं वर येते. गोदावरीच्या खोऱ्यात तेलंगणातल्या मणुगुरूकडे तर कोळशासाठी मारलेल्या बोअरमधून गरम पाणी वर आलं. आपलाही कोळशाचा पट्टा त्याच खोऱ्यातला, पण आमच्या बोअरला येते ते थंडच, आणि फ्लोराइडवालं.

शहरात आणि परदेशात आता घरातच ऊन पाण्याचं टाकं ठेवतात. पोरं मोबाईलवर दाखवतात ते फेसाळतं टाकं. त्याचा इतिहास वाचला तेव्हा मला मोठी गंमत वाटली. जाकूझी हे एका घराण्याचं आडनाव. इटलीतून अमेरिकेत गेलेले सात भाऊ, कॅलिफोर्नियात शेतीच्या विहिरींचे पंप बनवायचे. त्यातल्या कँडिडोच्या लहान मुलाला संधिवात झाला. इस्पितळात पाण्याच्या धारेनं त्याला आराम पडे, पण इस्पितळ रोज कुठलं? म्हणून 1950 च्या दशकात त्यानं घरच्या टबात सोडायचा छोटा पंप तयार केला. म्हणजे ती श्रीमंताची चैन विहिरीच्या पंपवाल्यानं पोराच्या दुखण्यापायी काढली. पुढे 1968 मध्ये त्याच घराण्यातल्या रॉयनं पंपासकट टब बाजारात आणला आणि मग ती चैन झाली.

टाक्यात बसल्यानं आराम का पडते, हेही साधं आहे. मानेपर्यंत पाण्यात बसलं की माणसाचं वजन दहाव्या हिश्शावर येते, मणक्यावरचा आणि टोंगळ्यांवरचा भार उतरते. उष्णतेनं रक्ताच्या नळ्या रुंदावतात, आखडलेलं मांस सैल होते. झिजलेला मणका त्यानं भरून येत नाही, पण रात निघते. पाणी चाळीस अंशांच्या वर नको, पंधरा-वीस मिनिटं पुरे. हृदयाचा आजार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय बसू नये. आणि ज्याच्या पायाची जाणीव गेली आहे, साखरेच्या आजारानं किंवा कुष्ठरोगानं, त्याचं पाणी दुसऱ्यानं कोपर बुडवून पाहावं. आमच्या भागात कुष्ठरोग जुना आहे. चटका बसला हे न कळता पाय भाजून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

मी दहा वर्षांखाली घरामागं सिमेंटचं टाकं बांधलं, 200 लिटरचं. बसायला आत एक पायरी आणि उठायला भिंतीत कडी. बांधणं सोपं होतं, तापवणं कठीण. 200 लिटर पाणी वीस अंशांवरून चाळीसवर न्यायचं तर पावणेपाच युनिट वीज लागते. रोवण्याच्या दिवसांत आमच्याकडे लाईन कधी जाईल याचा नेम नाही. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात पाण्याची वाफ करून 2920 मेगावॅट वीज निघेल एवढी यंत्रं आहेत, ती महाराष्ट्राला जाते, आणि त्याच जिल्ह्यात माझं 200 लिटर पाणी थंड! छपरावर सौर बंब बसवला, तो हिवाळ्या-उन्हाळ्यात चालते. पण कंबर दुखते आषाढात, जेव्हा आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. उज्ज्वलाचा सिलिंडर स्वयंपाकालाच पुरवून पुरवून वापरतात.

उरली चूल. दगडाच्या चुलीत लाकडाची बहुतेक आग वाऱ्यावरच जाते, तेव्हा एवढ्या पाण्याला आठ-दहा किलो लाकूड लागतेच. बाई डोक्यावर वीस-पंचवीस किलोची मोळी आणते, म्हणजे एक मोळी अन् दोन-तीन आंघोळी. पण ती मोळी आणतानाच कंबर जाते त्याचं काय? आणि आता नुसती कंबर नाही. सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी, कुठलाही तालुका घ्या, सरपणाला, मोहाला, तेंदूपत्त्याला गेलेलं माणूस वाघानं नेल्याची बातमी वर्षातून कितीदा येते. पूर्वी जंगलात निस्तार होता, वहिवाट होती. मग इंग्रजांचे 1878 आणि 1927 चे वन कायदे आले आणि तोच माणूस आपल्याच रानात चोर ठरला. मेंढा-लेखानं 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला तेव्हा आमच्या गावातही चर्चा झाली. कागद झाले, पण सरपण काही जवळ आलं नाही.

म्हणून मी पूर्ण टाकं भरायचं सोडून दिलं. रोवण्यात फक्त टोंगळ्याइतकं भरतो, लाकूडही त्याच मानानं कमी. तुरीच्या तुऱ्हाट्या वर्षभर साठवतो, त्या याच कामाला. वर निरगुडी. बायका चार-चार जणी काठावर बसून पाय सोडतात आणि कंबरेला उन्या पाण्यात पिळलेलं लुगडं बांधतात. पहिल्या वर्षी कोणी येईना. एकीनं पाय घातलेल्या पाण्यात दुसरीनं कसे घालायचे? जपानात घरचं सगळं माणूस आधी अंग धुऊन मग एकाच टाक्यात उतरते म्हणतात, पण आपल्याकडे जातीचाही प्रश्न येते, तो कोणी तोंडानं बोलत नाही.

तो प्रश्न आमच्या टोलीतल्या एका म्हाताऱ्या बाईनं सोडवला. लुगडं वर खोचून ती सरळ काठावर बसली आणि बाकीच्यांना म्हणाली, ‘दिवसभर एकाच बांदीच्या पान्यात उभ्या होता ना व? मग आता का झालं?’ त्यावर एक हसली, मग दुसरी बसली. अंधार पडेपर्यंत गप्पा चालल्या. पाणी थंड झालं तेव्हा मी बोळा काढला, ते वाफ्यातल्या वांग्यांकडे गेलं.