हुलहुले : विमानतळापासून मालेपर्यंत

हुलहुले हे मालदीवमधील काफू कंकणद्वीपाच्या दक्षिण टोकाजवळचे, राजधानी मालेच्या ईशान्येचे बेट. वेलाना आंतरराष्ट्रीय विमानतळाने ते जवळजवळ पूर्ण व्यापले आहे. येथे 1960 मध्ये लोखंडी पत्र्यांची धावपट्टी झाली, 1966 मध्ये पक्की. 1981 पासून आंतरराष्ट्रीय वाहतूक सुरू झाली. सध्याची 3,400 मी. लांबीची धावपट्टी 2018 ची, नवे टर्मिनल 2025 चे. चीनच्या मदतीने बांधलेला सिनामाले पूल 30 ऑगस्ट 2018 रोजी खुला झाला आणि माले प्रथमच विमानतळाला रस्त्याने जोडली गेली. तेव्हापासून फेरीबोट कालबाह्य झाली असे मानले जाते. शहराची रचना पाहता ते पटत नाही.

मधल्या अरुंद पाण्याचे महत्त्व 1988 च्या उठावात सर्वांत स्पष्ट दिसले. 3 नोव्हेंबरच्या पहाटे समुद्रमार्गे आलेल्या भाडोत्री सैनिकांनी मालेतील मोक्याच्या जागा घेतल्या, पण हुलहुले त्यांच्या हाती लागले नाही. त्याच रात्री आग्र्याहून निघालेली भारतीय हवाई दलाची आयएल-76 विमाने येथे उतरली. तरी शहर अजून पलीकडेच होते. ब्रिगेडियर फारुख बलसारा यांच्या नेतृत्वाखालील छत्रीधारी सैनिकांना मिळतील त्या बोटी घेऊन पाणी ओलांडावे लागले, आणि त्यानंतरच राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम सुरक्षित झाले. विमानतळ राखणे आणि राजधानी गाठणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या; त्यांना जोडणारा दुवा बोट हाच होता.

आता पूल असताना बोट कशाला, हा आक्षेप बिनबुडाचा नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत समुद्र खवळतो, जड सामान बोटीत चढवणे त्रासाचे असते, आणि रुग्णाला मोटारीने नेणे केव्हाही सोयीचे. भराव घालून वसवलेल्या हुलहुमालेच्या रहिवाशांना तर पुलाने नवे आयुष्यच दिले. परंतु पूल मालेच्या आग्नेय कोपऱ्यात, राल्हुगंडू येथे उतरतो. तेथून पुढे अरुंद गल्ल्या आणि दुचाक्यांची दाटी लागते. फेरी मात्र दहाएक मिनिटांत ईशान्येच्या धक्क्याला लागते. प्रवाळदगडांत कोरीव काम केलेली सतराव्या शतकातील हुकुरु मिस्की ही जुनी मशीद आणि बरीचशी सरकारी कार्यालये शहराच्या याच उत्तर भागात आहेत. हाती एखादी पिशवी घेऊन कामासाठी आलेल्या माणसाला पाण्याची वाट आजही सरळ पडते. त्यामुळे फेरीला पर्यटकांची हौस न समजता शहर वाहतुकीचे अंग मानणे योग्य.

 

मालेपासून पश्चिमेस विलिमाले व थिलाफुशी या बेटांकडे जाणारा, भारताच्या अर्थसाहाय्याचा 6.74 किमी.चा पूलमार्ग मुंबईच्या अफकॉन्स कंपनीकडे सोपवण्यात आला आहे. त्याने तिकडची वाहनेही मालेच्या याच अरुंद रस्त्यांवर येतील; म्हणून फेरीची वाट टिकवणे आणखी गरजेचे.