अठ्ठेचाळीस तासांची रेघ

आज एखाद्या मोठ्या कारखान्यात अपघात झाला, की त्याची नोंद संगणकावर होते. जागा कोणती, यंत्र कोणतं, शरीराच्या कोणत्या भागाला इजा झाली, किती दिवस काम बुडालं, अशा चौकटी भरत जायच्या. मोबाइलवर काढलेला फोटो जोडायचा. पुढं कारण शोधलं का, जाळी बसवली का, याची आठवण ते सॉफ्टवेअर सुरक्षा अधिकाऱ्याला पुन्हा पुन्हा करून देतं. सोय उत्तमच आहे. पण माझी नोकरी कागदी रजिस्टरावर गेली, त्यामुळं मला वेगळाच प्रश्न पडतो. मुळात कशाला अपघात म्हणायचं, हे कोण ठरवतं?

हा प्रश्न मुंबईच्या गिरण्यांइतका जुना आहे. आपल्याकडचा पहिला कारखाना कायदा 1881 सालचा. शंभर किंवा अधिक माणसं असतील तिथंच तो लागू होता आणि सात वर्षांच्या मुलालाही त्यानं कामावर येऊ दिलं. तरी दोन गोष्टी त्यानं केल्या. धोक्याच्या यंत्राला कुंपण घाला आणि अपघात झाला तर सरकारला कळवा, असं मालकाला सांगितलं. मात्र ज्याचा हात गेला त्याला काय द्यायचं, याबद्दल चकार शब्द नव्हता.

तो शब्द उच्चारला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सप्टेंबर 1884 मध्ये परळला गिरणी कामगारांची सभा झाली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या आपल्याला ठाऊक असतात. शेवटची मागणी सहसा कोणी सांगत नाही. कामावर जखमी झालेल्याला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय करा. रविवारची सुट्टी 1890 मध्ये मिळाली. तुम्ही निवांतपणे ही पुरवणी वाचता आहात, त्यात त्या सभेचा वाटा आहे. जखमी हाताला मात्र आणखी तेहतीस वर्षं थांबावं लागलं.

1923 साली कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि 1 जुलै 1924 पासून तो लागू झाला. त्याच्या शेवटी एक परिशिष्ट आहे. नंतर दुरुस्त्या होऊन त्यात असा हिशेब आला, की अंगठा गेला तर कमाईची ताकद 30 टक्के गेली असं धरायचं. पूर्ण तर्जनी 14, मधलं बोट 12, करंगळी 7 टक्के. मी कविता लिहितो. हातावर पुष्कळ कविता वाचल्या आहेत. पण या तक्त्यासारखं हातावर दुसरं काही वाचलेलं नाही. हसू नका. या आकड्यांनी कित्येक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या.

1948 च्या कारखाने अधिनियमानं मग रेघ आखली. मृत्यू झाला, किंवा माणूस 48 तास वा अधिक काळ काम करू शकला नाही, तर कारखाना निरीक्षकाला नोटीस द्यायची. 2020 च्या नव्या संहितेत, जी 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, ही रेघ तशीच आहे. कुठंतरी रेघ हवीच, नाहीतर खरचटल्याच्याही नोटिसा जातील. पण रेघ दिसली, की माणसं तिच्या अलीकडे थांबायला शिकतात.

अमेरिकेत हाइनरिश नावाचा विमा कंपनीतला माणूस होता. 1931 साली त्यानं म्हटलं, की एका मोठ्या इजेमागं 29 किरकोळ इजा आणि 300 बिनइजेचे प्रसंग असतात. पुढं त्या आकड्यांवर पुष्कळ टीका झाली, पण सॉफ्टवेअरमध्ये ‘थोडक्यात वाचला’ अशा प्रसंगांची जी चौकट असते, तिचं मूळ त्या विचारात आहे. आपल्याकडं ती रिकामी राहते. मागावरचा धोटा उडून कानाजवळून गेला, तर एक जण म्हणतो ‘देवानं राखलं’, दुसरा म्हणतो ‘अल्लाहनं बचाया’, आणि दोघंही पुन्हा माग चालू करतात. आमच्याकडं मानतात, की माणसाच्या दोन खांद्यांवर दोन फरिश्ते बसून त्याचं सगळं लिहून ठेवतात. कारखान्याला ते परवडत नाही.

यंत्रमागांच्या गावांत तर रजिस्टरचाच प्रश्न. 1948 च्या कायद्यात वीज वापरणाऱ्या जागी दहा कामगार असले, तरच तो कारखाना. म्हणून एकाच छपराखालचे माग भावाच्या, भावजयीच्या नावावर तुकड्यातुकड्यानं दाखवले गेले. कारखानाच नाही, तर अपघात कुठला?

1990 नंतरच्या काही वर्षांत मी एका कापड प्रक्रिया कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून होतो. एका रात्रपाळीत रोलरमध्ये एका वयस्क कामगाराच्या तर्जनीचं वरचं पेर गेलं. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. टाके घालून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांना रिक्षानं आणलं आणि गेटजवळ खुर्ची टाकून बसवलं. वर चहा. तिसऱ्या दिवशीही तेच. काम बुडालं नाही, म्हणून नोटीस नाही. नोटीस नाही, म्हणून पुढं भरपाईचा विषयही निघाला नाही.

त्या दुसऱ्या सकाळी पट्टी बांधलेला हात छातीशी धरून चाचांनी खिडकीतून विचारलं, ‘‘बाबू, लिख लिया ना?’’

‘‘लिख लिया, चाचा,’’ मी म्हणालो. मी त्यांची हजेरी लिहिली होती.