शहाबादी फरशी

कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात शहाबाद परिसरात निघणारा, थराथरांनी सुटणारा करडा चुनखडक. महाराष्ट्रातील अंगणे, ओटे, स्वयंपाकघरे पिढ्यान्‌पिढ्या याच फरशीची. बसवताना मुरूम चोपून वाळू-सिमेंटचा माल पसरतात, फरशी लाकडी हातोडीने ठोकतात, पाणसळ लावून पातळी पाहतात. अंगणात मात्र पाणी वाहून जाण्यापुरता उतार हवाच. बोटाच्या पेराने टकटक केल्यावर पोकळ आवाज आला, की खालचा माल सुटला असे समजावे. अशी फरशी पहारीने अलगद उचलून, जुना माल खरवडून, पाठ ओली करून तीच पुन्हा बसवता येते. पातळ टाइल उचलताना बहुधा फुटते. न फुटता पुन्हा बसवता येणे हा शहाबादीचा मोठाच गुण. चुनखडक असल्याने तिला ॲसिड खाते. धुताना ते कधीही वापरू नये.