मॉल रोडवर चालायला पैसे पडत नाहीत

शिमल्याला कमी पैशांत काय काय करता येतं, असं कुणी विचारलं तर यादी सोपी आहे. काल्क्याहून छोट्या गाडीचं साधं तिकीट काढायचं. रिजवर बसून ऊन खायचं. मॉल रोडवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, भूक लागली की पायऱ्या उतरून लोअर बाजारात जायचं. दम असेल तर जाखूची चढण, नसेल तर व्हाइसरॉयचा जुना राजवाडा. दोन दिवस आरामात जातात आणि खिशाला फारशी झळ बसत नाही.

गंमत अशी, की हे शहर वसवलं गेलं तेव्हा त्याच्याइतकी खर्चिक गोष्ट हिंदुस्थानात क्वचितच असेल. त्या खर्चाचा मोठा भाग कुठल्याच हिशेबवहीत सापडत नाही.

१८६४ साली शिमला ब्रिटिश सरकारची अधिकृत उन्हाळी राजधानी झाली. म्हणजे दरवर्षी उन्हाळा लागला की कलकत्त्याहून अख्खं सरकार उठायचं आणि दीड-दोन हजार किलोमीटरवरच्या या डोंगरावर यायचं. व्हाइसरॉय, सेनापती, सचिव, कारकून, त्यांची बायकामुलं आणि फायलींच्या पेट्या. थंडी पडायला लागली की सगळं परत खाली. रेल्वे आली ती १९०३ मध्ये. ९६ किलोमीटरचा मार्ग, शंभरावर बोगदे, आठशेहून जास्त पूल. आज ती जागतिक वारसा आहे आणि आपण खिडकीतून हात बाहेर काढून व्हिडिओ करतो. पण त्याआधीची जवळपास चाळीस वर्षं हे सरकार वर कसं चढलं? टांग्यांनी, बैलगाड्यांनी, खेचरांनी आणि माणसांच्या पाठीवरून.

आजूबाजूच्या पहाडी संस्थानांत ‘बेगार’ होती. आपल्याकडची वेठबिगार, तीच. साहेब दौऱ्यावर निघाला की गावाने माणसं पुरवायची. त्यांनी सामान वाहायचं, रस्ता दुरुस्त करायचा. मजुरी मिळाली तर नावापुरती, नाहीतर तीही नाही. पेरणी असो की कापणी, बोलावणं आलं की जायचं. १८५० मध्ये डलहौसीच्या काळात सुरू झालेला हिंदुस्थान-तिबेट रस्तासुद्धा अशाच हातांनी खोदला गेला.

आता मॉलवर या. आज तिथे गाड्या नाहीत, म्हणून चालायला मजा येते. ही शांतता जुनीच आहे, फक्त तिचा अर्थ वेगळा होता. मॉलवर गाडी नेण्याचा मान व्हाइसरॉय, सरसेनापती आणि पंजाबचा गव्हर्नर या तिघांनाच होता. बाकीचे साहेब आणि मेमसाहेब पायी जात, घोड्यावर जात किंवा रिक्षात बसत. ही रिक्षा माणसं ओढायची. साधारण चार जण, दोघे पुढे आणि दोघे मागे. त्यांना ‘झंपाणी’ म्हणत. श्रीमंत घरं आपल्या झंपाण्यांना खास गणवेश शिवत. मात्र ओझं घेतलेल्या हमालाला संध्याकाळच्या फिरण्याच्या वेळी मॉलवर मज्जाव होता. ज्याच्या पाठीवरून शहर वर आलं, तो दिसता कामा नये. त्याची जागा खाली, लोअर बाजारात. तिथे जाणाऱ्या पायऱ्या आपण छोले-भटुऱ्यांसाठी उतरतो, तेव्हा एका जुन्या सीमारेषेवरूनच उतरत असतो.

मे १९२१ मध्ये गांधीजी पहिल्यांदा शिमल्याला आले, व्हाइसरॉय रीडिंगला भेटायला. इथल्या सरकारला त्यांनी पाचशेव्या मजल्यावर दुकान थाटलेल्या दुकानदाराची उपमा दिली. इतक्या उंचावर बसलेल्याला खालच्या गिऱ्हाइकाची हाक ऐकू कशी जाणार?

त्याच सुमारास शिमल्यापलीकडे कोटगढमध्ये एक अमेरिकन माणूस बेगारीविरुद्ध उभा राहिला होता. सॅम्युएल स्टोक्स. १९०४ साली कुष्ठरोग्यांची सेवा करायला तो भारतात आला आणि इथलाच होऊन गेला. हिमाचलात अमेरिकन सफरचंदाची लागवड रुजवणारा म्हणून त्याचं नाव घेतात, ते योग्यच आहे. पण गावकऱ्यांना एकत्र करून, अर्जांवर अर्ज करून त्याने या भागातल्या बेगारीला लगाम घालायला लावला, हे कमी सांगितलं जातं. १९२१च्या शेवटी सरकारने त्याला तुरुंगात टाकलं. पुढे तो सत्यानंद स्टोक्स झाला.

व्हाइसरॉयचा १८८८चा राजवाडा आता भारतीय उच्च अध्ययन संस्थान आहे. माफक तिकिटात आत जाता येतं. गाईड १९४५ची शिमला परिषद सांगतो, लाकडी जिने दाखवतो. ते जरूर पाहा. पण बाहेर पडल्यावर त्या दगडी भिंतींकडे पाहून एकदा विचार करा, एवढं सगळं इथवर आलं कसं?

उत्तर अजून रस्त्यावर चालतंय. शिमल्याच्या चढांवर आजही काश्मिरी हमाल भेटतात. त्यांना इथे सरसकट ‘खान’ म्हणतात. गॅसचा सिलिंडर, कपाट, कधी फ्रीजसुद्धा पाठीला बांधून ते चढत असतात. गाडी जात नाही अशा ठिकाणी घर असलं की माणूसच लागतो.

हे दूरचं वाटायचं कारण नाही. आपल्या माथेरानलाही मोटारी नाहीत, छोटी रेल्वे आहे आणि माणसाने ओढायची हातरिक्षाही होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याचा मार्ग दाखवला. शिमल्याच्या मॉलवरून झंपाणी कधीच गेले. माथेरानला त्यासाठी एकविसाव्या शतकाची पंचवीस वर्षं लागली.

तेव्हा शिमल्याला जा, कमी पैशांत जा. मॉलवर भरपूर चाला. फक्त समोरून ओझं घेतलेला माणूस आला, तर कडेला होऊन त्याला वाट द्या. शंभर वर्षांपूर्वी याच रस्त्यावर त्याला वाट नव्हती. आणि सामान वर न्यायला खानला बोलावलंत, तर तिथे मात्र घासाघीस करू नका.