सुखोमाजरीचा पाणीवाटा

चंदीगडच्या सुखना तलावाकाठी फिरताना मला गडचिरोलीतील मेंढा-लेखा आठवते. १९५८ साली बांधलेला हा तलाव शिवालिकच्या उघड्या टेकड्यांवरील गाळाने भरू लागला. पाणलोटातील सुखोमाजरीचे गुज्जर तेथे शेळ्या चारीत. नुसत्या बंदीहुकमाने ते थोडेच थांबणार! मृद्संधारण-शास्त्रज्ञ पी. आर. मिश्र यांच्या पुढाकाराने १९७६ पासून गावासाठी मातीचे बंधारे झाले आणि भूमिहीनांसह प्रत्येक घराला पाण्याचा समान वाटा ठरला. हा वाटा मला बंधाऱ्यांहून मोठा वाटतो, कारण त्यामुळे भूमिहीनालाही टेकडी राखण्यात स्वारस्य उरले. गावानेच चराई आवरली. भाभड गवत माजले. मेंढ्याच्या गोंड ग्रामसभेला २००९ मध्ये कायद्याने सामूहिक वनहक्क मिळाला. सुखोमाजरीला मात्र गवतासाठी वनखात्याशी करारच करावा लागे.