तलवारीवरचा शिक्का काय सांगतो आणि काय सांगत नाही

संशोधनात पुरावा वाचायचा कसा, हे समजून घ्यायला तलवारीवरच्या खुणा हे फार चांगलं उदाहरण आहे. आपल्या नांदेड-लातूर भागात खंडेनवमीला शस्त्रं पुजणारी घरं कमी नाहीत. त्यातल्या एखाद्या पात्यावर चंद्रकोर, ठिपके किंवा अक्षरं दिसली, की "ही अमक्या काळातली" असं सांगून लोक मोकळे होतात. पण खूण दिसणं वेगळं आणि ती सिद्ध होणं वेगळं.

आधी सोपं उदाहरण घेऊ. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तुकड्या ज्या जपानी सैन्याशी लढल्या, त्या सैन्याच्या तलवारींवर शिक्क्यांची ठरलेली पद्धत होती. जपानी तलवारीची मूठ बांबूच्या एका खुंटीवर बसवलेली असते. खुंटी काढली की मूठ निघते आणि पात्याचा आतला भाग दिसतो. कारागिराचं नाव आणि बरेच शिक्के तिथेच असतात. 'शो' हे शोवा कालखंडाचं अक्षर किंवा 'सेकी' हे गावाचं नाव ठोकलेलं असेल, तर पातं बहुधा पारंपरिक रीतीने घडवलेलं नसतं. ताऱ्याचा शिक्का मात्र लष्कराने मान्यता दिलेल्या लोहारांच्या पारंपरिक पात्यावर येतो. १९३५ च्या नमुन्याची, खालच्या हुद्द्यांसाठीची तलवार यंत्रावर बनायची. तिच्या पात्यावर अनुक्रमांक असतो आणि म्यानावरही तोच असतो. दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर म्यान मूळचं नाही असं समजायचं.

इथे शिक्का मारणारी यंत्रणा एक, काळ एक, नियम ठरलेले. म्हणून वाचन सोपं जातं. आपल्याकडे तसं नाही.

आता आपलं उदाहरण बघा. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनमधल्या सोथबीजच्या लिलावात नागपूरकर भोसल्यांची एक तलवार ४७.१५ लाख रुपयांना मिळवली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पातं सरळ, एकधारी आणि युरोपीय बनावटीचं. मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याचं काम केलेली. पात्याच्या पाठीवर सोन्याने देवनागरी अक्षरं जडवलेली आहेत: श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग.

या एका ओळीतून काय काय निघतं? 'फिरंग' हा शब्द सांगतो, की लिहवून घेणाऱ्यालाही पातं परदेशी आहे हे माहीत होतं. 'सेनासाहेब सुभा' हा किताब आहे, म्हणजे मजकूर किताब मिळाल्यानंतरचाच. पण पातं त्याच्या कितीतरी आधी बनलेलं असू शकतं. म्हणजे एकाच वस्तूच्या तीन तारखा झाल्या: पात्याची, मुठीची आणि मजकुराची.

खरी मेख नावात आहे. ही तलवार पहिल्या रघुजींची (मृत्यू १७५५) मानली जाते. पण नागपूरच्या गादीवर रघुजी नावाचे तीन राजे झाले आणि दुसऱ्या रघुजींकडेही हाच किताब होता. त्यामुळे नुसत्या या ओळीवरून 'पहिले' हे सिद्ध होत नाही. अक्षरांचं वळण, जडावकामाची शैली, मुठीचा घाट, दरबारी कागद असे इतर पुरावे तिच्याशेजारी मांडावे लागतात. याचा अर्थ मत चूक आहे असा नाही. ते कोणत्या पुराव्यावर उभं आहे, हे आपल्याला सांगता आलं पाहिजे, एवढंच.

कारखान्याच्या खुणा तर आणखी फसव्या. जर्मनीतल्या सोलिंगेनच्या कारागिरांनी पासाऊचा 'धावता लांडगा' उचलला. इटलीतल्या जिनोआची म्हणून ओळखली जाणारी दातेरी चंद्रकोरीची जोडी युरोपात तर नकललीच गेली, शिवाय आपल्याकडच्या लोहारांनीही ती पात्यांवर ठोकली. कारण साधं होतं: ती खूण असली की माल चांगला समजला जायचा. म्हणून शिक्का हा आधी दावा असतो, मग पुरावा.

दावा तपासायचा तर धातूकडे जावं लागतं. आपल्याकडे बहुतेक मुठी राळेने पक्क्या बसवलेल्या असतात, त्यामुळे जपानी तलवारीसारखं उघडून बघता येत नाही. अशा वेळी न्यूट्रॉन किरणं उपयोगी पडतात. वस्तू न कापता पोलादाची आतली घडण कळते. जपानी आणि भारतीय, दोन्ही तलवारींवर असा अभ्यास झालेला आहे.

आणि एक गोष्ट आपल्या हातातली. दसऱ्याच्या आधी पातं चिंच लावून किंवा पॉलिश पेपरने घासू नका. जपानी तलवारीचा मुठीतला गंजसुद्धा जाणकार काढत नाहीत, कारण वय ओळखायला तोच कामी येतो. आपल्याकडे मात्र एका घासण्यात उथळ शिक्का कायमचा जातो.

फील्डवर्कला निघाल तेव्हा वहीत तीन रकाने आखा: काय दिसलं, त्यावरून काय वाटतं, आणि ते कशाने तपासता येईल. पहिल्या रकान्यातलं वाक्य थेट प्रबंधाच्या निष्कर्षात जाऊ देऊ नका.