मागोवा, एम्युलेटरमधील

एका रचनेच्या संगणकासाठी लिहिलेले कार्यक्रम दुसऱ्या रचनेच्या संगणकावर चालावेत, म्हणून पहिल्याच्या वर्तनाचे अनुकरण करणाऱ्या आज्ञावलीस एम्युलेटर म्हणतात. कार्यक्रम चालू असता कोणते आदेश कोणत्या क्रमाने पार पडले व स्मृतीतील कोणती स्थाने वापरली गेली, यांची नोंद घेणे म्हणजे मागोवा किंवा ट्रेसिंग होय.

ही कल्पना जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक हा संगणक १९४९ मध्ये सुरू झाला. त्यावरील कार्यक्रमांतील चुका शोधण्यासाठी स्टॅन्ली गिल यांनी मूळ आदेश एकेक करून पार पाडणारा व सोबत नोंद छापणारा तपासणी-कार्यक्रम रचला. त्याचे वर्णन १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र अशा नोंदीमुळे कार्यक्रमाची गती मंदावते, ही अडचण प्रारंभापासूनच होती.

फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्यूएमू या एम्युलेटरमध्ये तिला वेगळे रूप आले. क्यूएमू आदेशांच्या गटाचे यजमान संगणकाच्या भाषेत भाषांतर करून ते साठवितो व पुनःपुन्हा वापरतो. त्यामुळे मागोव्याची सोय भाषांतराच्या वेळीच त्यात गुंफावी लागते. आरंभीच्या पद्धतीत नोंदबिंदू एम्युलेटरच्या अंतर्भागातच असत. नवा बिंदू हवा असल्यास मूळ संहितेत फेरफार करून संपूर्ण आज्ञावली पुन्हा बांधावी लागे. निगेअभावी ही सोय कालांतराने निकामी होत गेली.

डिसेंबर २०१९ मधील ४.२ या आवृत्तीत प्लगिन-पद्धती आली. एमिलिओ कोटा व ॲलेक्स बेने यांचा तिच्या उभारणीत प्रमुख वाटा होता. प्लगिन ही एम्युलेटर सुरू करताना जोडावयाची स्वतंत्र आज्ञावली असते. प्रत्येक गटाचे भाषांतर होताना तिला सूचना मिळते. ती हवे ते आदेश निवडून त्यांना आपली क्रिया जोडते. न निवडलेल्या आदेशांवर नोंदीचा भार पडत नाही. जुनी पद्धत ६.२ या आवृत्तीत (डिसेंबर २०२१) त्याज्य ठरविण्यात आली व ७.० मध्ये (एप्रिल २०२२) काढून टाकण्यात आली.

या बदलातील कळीचा प्रश्न सीमारेषेचा होता. प्लगिनला एम्युलेटरची अंतर्रचना दिसत नाही. ठराविक प्रश्न विचारण्यापुरतीच मुभा तिला असते. मूळ योजनेत तिचे काम केवळ निरीक्षणाचे होते. त्यामुळे भाषांतरयंत्रणेत सुधारणा करताना रचनाकारांना प्रत्येक प्लगिनची चिंता वाहावी लागत नाही. उलटपक्षी, संशोधकास सीमेने देऊ केले तेवढेच मिळते. प्रक्रियकाची रजिस्टरे वाचण्यासारखी प्राथमिक सोयदेखील प्लगिनना ९.० या आवृत्तीत, म्हणजे एप्रिल २०२४ मध्ये, उपलब्ध झाली. अंतर्रचनेचे स्वातंत्र्य आणि निरीक्षकाची गरज यांचा मेळ असा टप्प्याटप्प्यानेच घालावा लागला.